संयुक्ताचा डबा

१

नाताळच्या सोमवारी विद्युलताबाईंच्या स्वयंपाकघरात डब्यांची जत्रा भरली होती. ओट्यावर डबे, जमिनीवर डबे, फ्रिजच्या डोक्यावर डबे, आणि मधोमध चटईवर पाय पसरून बसलेल्या बाई. डबा उचलायचा, उलटा करायचा, बुडाखाली कोरलेलं नाव वाचायचं आणि निकाल द्यायचा. हा पुण्याला. हा कामवालीला. हा ज्याचा त्याला.

पट्टिनपाक्कमच्या या दुसऱ्या मजल्यावर त्यांचा सगळा संसार झाला होता. बाळकृष्णराव बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षभरातच गेले. आता लेकीची, अदितीची, गिंडीच्या ऑफिसातून पुण्याला बदली झाली होती. त्यातच डिसेंबरच्या सुरुवातीला वादळाचा पाऊस आला, तळमजल्यात पोटरीपर्यंत पाणी भरलं, आणि बाई म्हणाल्या, पुरे झालं हे चेन्नई. म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून फिल्टर कॉफीचा पहिला घोट घेतला तरी त्यांचे डोळे भरून यायचे. ट्रक गुरुवारी यायचा होता.

डब्यांच्या बाबतीत बाईंचे दोन नियम होते आणि ते त्यांनी नवऱ्याला, लेकीला आणि कामवालीलाही पाठ करायला लावले होते. दुसऱ्याचा डबा घरात ठेवून घ्यायचा नाही, आणि परत करताना रिकामा करायचा नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची.

"आई, हा कोणाचा?" अदिती माळ्यावरून म्हणाली. पुरणयंत्राच्या मागे हात घालून तिने एक चपटा, गोल, कडीचा डबा बाहेर काढला. झाकणाच्या कडेला पोचा होता. बुडाखाली ठिपक्याठिपक्यांनी तमिळ अक्षरं कोरली होती.

बाईंनी तो हातात घेतला आणि त्यांना बुडाखाली बघावंही लागलं नाही. अंगठा आपोआप पोच्यावर गेला, दाबला, कडी जराशी उजवीकडे सरकवली, आणि झाकण कट्ट आवाज करून उघडलं. हा डबा असाच उघडायचा. बाळकृष्णराव त्यात चमचा घालून झटापट करायचे. ही युक्ती दोनच बायकांना येत होती. एक विद्युलताबाई. दुसरी समोरच्या दारातली संयुक्ता.

संयुक्ता तंजावरकडची मराठी. तिचे पूर्वज कधी काळी इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले. भाषा मात्र त्यांनी जपली होती, लोणच्याच्या बरणीतल्यासारखी, जुनी आणि मुरलेली. "अक्का, तुमी काल वड्या दिल्यात नव्हे, फस्ट क्लास होत्या कीं," ती म्हणायची, "आमचे यजमान चार खाऊन झोपले." पहिल्या दिवशी बाळकृष्णराव हसू दाबत आत पळाले होते. पण महिन्याभरात बाईंना त्या बोलीशिवाय करमेनासं झालं. नवख्या शहरात, जिथे दूधवाल्याशी हातवारे करून बोलावं लागे, तिथे समोरचं दार उघडलं की मराठी ऐकू यायची. मग हा डबा दोन दारांमध्ये फिरायला लागला. इकडून चकल्या गेल्या, तिकडून पुळिओदरै, म्हणजे चिंचेचा भात, आला. संयुक्ताच्या घरी काही नसलं तर डब्यात कढीपत्त्याची डहाळी यायची, पण रिता डबा कधी आला नाही.

दोघींच्या मुलीही एका वयाच्या होत्या. दर रविवारी सकाळी संयुक्ताची रंजनी दारात उभी राहायची. केसांना निळी रिबन, हातात प्लास्टिकची बादली. "मावशी, अदिती येते कीं?" मग संयुक्ता दोघींना घेऊन वाळूवर जायची.

दोन हजार चारच्या डिसेंबरातल्या त्या रविवारी दत्तजयंती होती, आणि तमिळ घरांमध्ये तिरुवादिरैचा सण. बाई सुंठवड्यासाठी खोबरं भाजत होत्या. दारात रंजनी आली.

"मावशी, अदिती येते कीं?"

"आज नको गं राणी. तिचं न्हाणं व्हायचंय, नैवेद्य व्हायचाय. पुढच्या खेपेला नक्की पाठवते."

"नक्की?"

"नक्की."

जिन्यातून संयुक्ता ओरडली, "अक्का, आमचा डबा येऊन घेतें. रिता देऊं नका हं!"

"रिता कशाला? सुंठवडा घालून देते."

"मग मी आमची गोड कळी घालून परत देतें. येतों!"

अदितीने रडून घर डोक्यावर घेतलं. तासाभरात समुद्र रस्ता ओलांडून आत आला. त्सुनामी हा शब्दसुद्धा तोवर इथे कुणाला ठाऊक नव्हता. संयुक्ता आणि रंजनी सापडल्याच नाहीत. संयुक्ताचा नवरा जनकोजी बरेच दिवस एकेक इस्पितळ हिंडला, मग तंजावरला निघून गेला आणि तिथेच वारला. सुंठवडा भरलेल्या डब्याला शेवटी मुंग्या लागल्या, तेव्हा बाईंनी तो धुऊन, पुसून माळ्यावर टाकला होता.

त्यानंतर समोर भाडेकरू आले आणि गेले. माणसं सगळी चांगली होती. पण बाईंनी पुन्हा कुणाशी डब्याची देवाणघेवाण केली नाही. अदितीला तर त्यांनी लहानपणी वाळूवर पाय ठेवू दिला नाही. मोठेपणी ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर समुद्रावर जायची, पण घरी सांगायची नाही, आणि बाईही विचारायच्या नाहीत.

"हा पुण्याला नेता यायचा नाही," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचा आहे."

"पण आई, द्यायचा कोणाला?" अदितीने जरा विचार केला. "सांतोमच्या मागे ते त्सुनामीचं छोटं म्युझियम आहे ना, तिथे असल्या वस्तू ठेवतात. उद्या सव्वीस तारीख. जाऊन देऊ या."

बाईंनी कॅलेंडर पाहिलं. उद्या सव्वीस तारीख होती आणि उद्याच दत्तजयंतीही होती. इतक्या वर्षांत तारीख आणि तिथी अशा पुन्हा एकत्र आल्या नव्हत्या. बाईंना ते बरं वाटलं. संयुक्ताची वस्तू संयुक्ताच्या दिवशी जाईल, असं त्या मनाशी म्हणाल्या.

२

संग्रहालय म्हणजे एक कौलारू घर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर चपला काढायची जागा. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या संघटनेने आणि काही निवृत्त शिक्षकांनी मिळून ते मांडलं होतं. एरवी सव्वीस तारखेला इथे गर्दी असते, पण त्या वेळी सगळे गेलेल्यांच्या नावाने समुद्रात दूध ओतायला गेले होते. आत फक्त चित्रा नावाची चाळिशीची बाई होती. तिच्या अंबाड्यात अबोली माळलेली होती. ती इथली सगळी व्यवस्था बघायची.

"या, मा," ती तमिळमध्ये म्हणाली. बाईंनाही आता तमिळ चांगलं येत होतं.

पहिल्या खोलीत भिंतीभर एक निळी रेघ ओढली होती, कमरेच्या जरा वर. पाणी इथपर्यंत आलं होतं, एवढंच तिचं सांगणं. रेघेखाली फळ्या, आणि फळ्यांवर वाळूतून निघालेल्या वस्तू. गंजलेलं शिलाई मशीन. पावडरचा डबा. शाळेचा टाय. एका पायाच्या कितीतरी चपला. पातेली, तांबे, ओगराळी, सगळे खाऱ्या पाण्याने काळवंडलेले. बाईंनी मनात खूप तयारी केली होती, पण रडू आलं ते अगदीच साध्या वस्तूवर. एका किसणीवर. तशी किसणी त्यांच्याकडेही होती, त्याच दुकानातली.

मधेमधे जागा रिकाम्या होत्या. तिथे वस्तू नव्हती, नुसती एक चिठ्ठी होती. सगळ्या चिठ्ठ्यांवर तेच शब्द: घरी गेली.

"कुणी आपली वस्तू ओळखली की आम्ही देऊन टाकतो," चित्रा म्हणाली. "त्याच्यासाठीच तर मांडल्यात. एक दिवस सगळ्या फळ्या रिकाम्या होतील, मग हे घर बंद."

"पण ओळख खरी हे कसं कळतं?" अदितीने विचारलं. इंजिनिअर शेवटी.

"कळतं. आपल्या वस्तूला माणूस हात कसा लावतो, ते बघायचं."

बाईंनी पिशवीतून डबा काढला. चित्राने तो हातात घेतला आणि वजन जाणवून त्यांच्याकडे पाहिलं.

"आत काही आहे, मा?"

"सुंठवडा आहे. म्हणजे प्रसाद." बाई ओशाळल्या. "इथे रिकाम्या वस्तू ठेवतात हे कळतं मला. पण दुसऱ्याचा डबा आहे हो. रिकामा कसा देऊ?"

चित्रा हसली नाही. "आमच्याकडेही देत नाहीत," ती म्हणाली आणि डबा तिने पातेल्यांच्या रांगेत नीट बसवला. अदितीने मात्र आईकडे पाहून डोळे फिरवले. संग्रहालयाला खाऊचा डबा देणारी बाई तिने जन्मात पाहिली नव्हती.

तिघी आतल्या खोलीत गेल्या. तिथे फोटो होते. शाळेतले, लग्नातले, ओळखपत्रांवरचे. पंखा कुरकुरत होता. समुद्र इतका जवळ, पण त्या घरात त्याचा आवाज अजिबात येत नव्हता. बाईंनी फोटोंमध्ये संयुक्ताला शोधलं, ती नव्हती. जनकोजीने दिलाच नसेल. बाई चित्राला तिच्याबद्दल सांगत होत्या, ती कढीपत्ता कसा पाठवायची, "येतों" म्हणताना मान कशी वाकडी करायची, आणि सांगता सांगता त्यांना हसू येत होतं. एवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

कट्ट.

बाई बोलायच्या थांबल्या. तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. चित्रा त्यांच्या समोर उभी होती, अदिती शेजारी.

"मांजर असेल," चित्रा म्हणाली.

बाहेर मांजर नव्हतं. डबा जागेवर होता, पण झाकण शेजारी काढून ठेवलेलं होतं. आत सुंठवड्याचा कणही नव्हता. बोटं फिरवून, चाटून पुसावा तसा डबा लख्ख होता, आणि बुडाशी पाण्याचा पातळ ओलावा.

"कावळा," अदिती म्हणाली. "ओट्यावरून आत आला असेल. आई, चल, मला दुपारी मीटिंग आहे."

कावळा. बाईंनी मान डोलावली. कावळ्याने आवडीने खाल्लं तर चांगलंच की, आपल्यात तर त्याची वाट बघतात. पण कावळा कडी उघडत नाही, एवढं त्यांना रिक्षात बसल्यावर सुचलं. मग त्यांनी स्वतःलाच समजावलं की कडी आपणच नीट लावली नसेल. अलीकडे हात जरा थरथरतातच.

३

दुपारभर बाईंनी खोकी बांधली. मन मात्र हलकं होतं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं. सुंठवडा घालून देते म्हटलं होतं, दिला. आपल्याकडून डबा गेला.

संध्याकाळी त्यांनी दत्ताला नैवेद्य दाखवला, आरती केली, आणि कचऱ्याची पिशवी ठेवायला दार उघडलं. जिन्यात वास होता. गुळाचा पाक, तूप, वेलची, आणि तांदूळ भाजल्याचा खमंग वास. बाई दारातच थांबल्या. छातीत काहीतरी गोड दुखलं. संयुक्ताच्या घरून असाच वास यायचा.

पण समोरच्या दाराला कुलूप होतं. पुराच्या पाण्यात मोटार बिघडली, नळ बंद झाले, तेव्हाच तिथले भाडेकरू दुसरीकडे गेले होते. उद्या तिरुवादिरै. खालच्या मजल्यावर कुणीतरी आत्तापासून कळीची तयारी करत असेल. त्या दिवशी घरोघरी भाजलेल्या तांदळाची, मूगडाळीची आणि गुळाची ती मऊ कळी करतात, त्यात नवल ते काय? बाईंनी दार लावून घेतलं.

बुधवारी सकाळी दूध घ्यायला त्यांनी दार उघडलं तेव्हा दुधाच्या पिशव्यांशेजारी डबा होता.

तोच. चपटा, गोल, पोच्याचा. झाकण लावलेलं, कडी सरकवलेली. बाईंनी उचलला तर चटका बसला आणि त्यांनी तो पदराने धरला. समोरच्या बंद दाराबाहेर कोलम, तांदळाच्या पिठाची तमिळ रांगोळी, काढलेला होता. साधाच, ठिपक्यांभोवती वळणारा. पण शेवटची रेघ उलटीकडून आली होती. संयुक्ता डावखुरी होती. तिचा कोलम नेहमी असाच मिटायचा, आणि बाई तिला चिडवायच्या, तुझी लक्ष्मी मागच्या दाराने येते म्हणून.

पीठ अजून ओलं होतं.

४

"चित्रा, तुम्ही डबा परत पाठवलात का?" बाईंनी फोनवर विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता. डबा स्वयंपाकघरात ठेवून, फोन घेऊन त्या बाल्कनीत आल्या होत्या. अदिती अंघोळ करून बाहेर आली होती, तिला हे ऐकू जायला नको होतं.

"नाही, मा. तो तर कालच गेला." चित्राच्या आवाजात समाधान होतं. "मी तुम्हाला कळवणारच होते. तुम्ही दिलात आणि त्याच दिवशी ज्याचा त्याला मिळाला. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं."

"कोण घेऊन गेलं?"

"त्या बाई तुमच्यासारखंच बोलत होत्या. तुमच्यासारखं म्हणजे अगदी तुमच्यासारखं नाही. जुनं काहीतरी. मला वाटलं तुमच्या नात्यातल्या. संध्याकाळी बंद करायच्या वेळेला आल्या, बरोबर लहान मुलगी होती. फळीवरून डबा उचलला आणि अंगठ्याने दाबून उघडला, बघितलंसुद्धा नाही. मी सकाळी बराच प्रयत्न केला होता, मला झाकण नीट बसवतासुद्धा आलं नव्हतं. मग मी काय विचारणार? तुमचाच आहे म्हटलं, घेऊन जा."

बाईंनी बाल्कनीचा कठडा धरला. समोर झोपडपट्टीच्या पत्र्यांपलीकडे समुद्राची पट्टी चमकत होती, नेहमीसारखीच शांत.

"मुलगी केवढी होती?"

"सहा-सात वर्षांची. दोघी ओल्या होत्या, जमीन पुसायला लागली मला. पण काल काय, सगळेच समुद्रावरून येत होते. ती मुलगी जाताना मात्र तमिळमध्ये विचारत होती, मा, 'ती कुठे आहे?' त्या बाई म्हणाल्या, 'उद्या घरी जाऊन बोलवूं.' तुमची गाठ पडली ना मग?"

बाईंनी फोन ठेवला. कुणीतरी थट्टा करतंय, असं त्या स्वतःला सांगू लागल्या. जनकोजीची कुणी बहीण असेल. तिला डब्याची माहिती असेल, पत्ता असेल. बहीणही डावखुरी असू शकते, तिला लहान मुलगी असू शकते. डोकं एकेक वीट रचत होतं, आणि तेवढ्यात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. संयुक्ताचं त्या रविवारचं बोलणं सगळं पुरं झालं होतं. येऊन डबा घेतें म्हणाली होती, घेतला. कळी घालून परत देतें म्हणाली होती, दिली. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती संयुक्ताने नव्हे, बाईंनीच कबूल केलेली होती.

बाई धावत आत गेल्या.

अदिती स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात उघडा डबा. बोटांनी शेवटचा घास निपटून ती चाटत होती.

"आई, कोणी दिलं गं? सेम संयुक्तामावशीची टेस्ट आहे." ती हसली. "जरा खारट आहे. पण काय मस्त आहे!"

"सगळं खाल्लंस?"

"गरम होतं ना." तिने मान वर केली. केस ओले होते, पाठीवर सोडलेले. "आई, मी जरा समुद्रावर जाऊन येऊ? उद्या तर ट्रक येणार. लास्ट टाइम."

"नको."

"का पण? कायम नको, नको. त्या दिवशीपण नको म्हणालीस."

त्या दिवसाबद्दल अदिती आजवर कधी बोलली नव्हती. तिला तो आठवतच नाही, असं बाईंना वाटायचं. उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच जिन्यातून हाक आली. बारीक, खणखणीत, दर रविवारची.

"मावशी, अदिती येते कीं?"

५

खालच्या मजल्यावरची मुलं आहेत, बाईंच्या मनात आलं. नाताळची सुटी आहे. कुणाचा तरी टीव्ही चालू असेल. पण त्यांचं हे सगळं मनातल्या मनात मांडून व्हायच्या आत अदिती उठून उभी राहिली होती.

"आलें गे, रंजू! थांब कीं!"

पंचवीस वर्षांची अदिती ही भाषा बोलत नसे. तिचं मराठी अर्धं इंग्रजी, उरलेलं तमिळ. ही बोली ती रंजनीबरोबर खेळताना शिकली होती आणि रंजनीबरोबरच विसरून गेली होती. तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते बाईंनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते बघून भीतीआधी त्यांना माया दाटून आली. पोरगी किती आनंदात होती. मग तिने डबा उचलला आणि ती दाराकडे निघाली. बाई दारात आडव्या झाल्या.

"डबा धुतलास?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "उष्टा देणार आहेस का तिला? आण इकडे. आणि साखर आण. रिता द्यायचा नाही."

अदिती थबकली. सहा वर्षांची अदिती आईचं ऐकायची. तिने साखरेचा डबा आणून दिला. बाईंनी संयुक्ताचा डबा विसळला, पदराने कोरडा केला, तळाशी चिमूटभर साखर घातली आणि झाकण लावलं. हात अजिबात थरथरत नव्हते.

"मावशी?" दाराबाहेरून आवाज आला. अगदी जवळून. दाराखालच्या फटीतून पाण्याची बारीक रेघ आत येत होती.

"तुझ्या चपला बाल्कनीत वाळत घातल्यात," बाई म्हणाल्या. "जा, घेऊन ये."

अदिती पळतच आत गेली. तिच्या पावलांचा आवाज बाल्कनीपर्यंत पोचला तशी बाईंनी दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. डबा छातीशी धरला होता. खाली बघायचं धैर्य होत नव्हतं, तरी नजर गेलीच. समोरच्या दाराचं कुलूप जागेवर होतं. कोलम मात्र पुसला होता, त्यावर छोट्या ओल्या पावलांचे ठसे होते, आणि ते बाईंच्या पावलांपाशी येऊन थांबले होते.

"राणी," त्या म्हणाल्या, "अदिती नाही येणार."

ओले ठसे तिथून हलले नाहीत. बाईंना ठाऊक होतं की 'पुढच्या खेपेला' हे शब्द आता पुन्हा चालणार नाहीत. आणि नुसतं नाही म्हणून दारातून परत पाठवणं त्यांच्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"नक्की म्हटलं होतं ना मी?" त्या हळूच म्हणाल्या. "मग कुणीतरी यायला हवंच. मी येते. चालेल?"

मोकळ्या हाताच्या बोटांत आणखी एक हात शिरला. लहान, गार, वाळूने खरखरीत. त्यांनी नजर वळवली तेव्हा जिन्याच्या वळणावर निळ्या रिबनचं टोक दिसलं न दिसलं, एवढंच. हात मात्र त्यांच्या हातातच होता आणि खाली ओढत होता.

खालून, तळमजल्याच्या अंधारातून, कुणीतरी हसलं.

"अक्का, रिता नव्हे ना?"

भीती तर होतीच. पण खोटं कशाला सांगायचं, तो आवाज ऐकून बाईंच्या काळजात जी कळ उठली ती भीतीची नव्हती. इतक्या वर्षांत त्यांना कुणी अक्का म्हटलं नव्हतं. समोरचं दार रोज बंद बघून त्या रोज थोड्या एकट्या झाल्या होत्या, आणि हे त्यांनी बाळकृष्णरावांनाही कधी सांगितलं नव्हतं.

"रिता कसा देईन गं?" त्या म्हणाल्या आणि पहिली पायरी उतरल्या.

वर दार धडधडलं. आतून अदिती दोन्ही हातांनी ते ठोकत होती, आणि तिचा आवाज पुन्हा तिचा, मोठ्या अदितीचा झाला होता, घाबरलेला, रडवेला. "आई! कडी का घातलीस? आई, कुठे चाललीस?"

बाई वळणावर क्षणभर थांबल्या. जीव भांड्यात पडला. लेक आत होती, आपल्या आवाजात बोलत होती. त्यांनी डबा सांभाळला, लहानग्या हातावरची पकड घट्ट केली आणि पूर्वी रोज समोरच्या घरी जाताना ओरडून सांगायच्या तसंच वर तोंड करून सांगितलं.

"आले गं. डबा देऊन आलेच."